‘किंगपिनसारखा माणूस पाहिजे’ म्हणणाऱ्यांना

सध्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात मोबाइलवर एक मजकूर फिरतोय. वर किंगपिन या मार्व्हल कॉमिक्समधल्या खलनायकाचं चित्र: पांढरा कोट, तुळतुळीत डोकं, दारात मावणार नाही असा देह. खाली त्याचे गुण. हा माणूस शून्यातून स्वतःच्या बळावर वर आला. अंगात कसलीही अद्भुत शक्ती नाही. बायकोवर जिवापाड प्रेम. शब्दाचा पक्का, निरपराध माणसाला हात लावत नाही. शहराला शिस्त लावली म्हणून लोकांनीच त्याला महापौर केलं. म्हणून साठ वर्षं होत आली तरी तो लोकांच्या मनावर राज्य करतो, आणि कोकणाला असाच एक माणूस पाहिजे.

किंगपिन मलाही आवडतो. पण या मजकुरातला किंगपिन कुठल्याच अंकात सापडत नाही.

अद्भुत शक्ती नाही, हे खरं. तो जन्मला जुलै १९६७मध्ये, ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या ५०व्या अंकात, स्टॅन ली आणि जॉन रोमिटा यांच्या हातून. वरवर चरबी दिसते, पण सगळे स्नायू आहेत, एवढीच त्याची करामत. नुसत्या ताकदीवर मात्र तो टिकला नाही. पहिली बरीच वर्षं तो स्पायडरमॅनच्या शत्रूंच्या गर्दीतला एक होता. १९८१मध्ये लेखक-चित्रकार फ्रँक मिलरने त्याला डेअरडेव्हिल या दुसऱ्या नायकाच्या गोष्टीत आणलं आणि तिथून त्याची ताकद दंडातून निघून टेबलावरच्या कागदांत गेली. किंगपिनचं खरं नाव विल्सन फिस्क. जगासमोर हा फिस्क कोण, तर मसाल्याचा व्यापारी! आपल्याकडच्या वाचकाला याचं हसू यावं.

१९८६ची ‘बॉर्न अगेन’ ही कथा (चित्रं डेव्हिड मॅझुकेली यांची) ज्याने वाचली, त्याला किंगपिनची भीती का वाटते हे सांगावं लागत नाही. डेअरडेव्हिल म्हणजे मॅट मर्डॉक हा आंधळा वकील, हे गुपित त्याचीच जुनी मैत्रीण कॅरन पेज हेरॉइनच्या एका डोससाठी विकते. ते किंगपिनपर्यंत पोचतं. आता दुसरा कुठलाही खलनायक मारेकरी पाठवेल. हा काय करतो? मर्डॉकची बँकखाती गोठतात. घराचे हप्ते भरलेलेच नाहीत, असं बँक कळवते. एक पोलीस अधिकारी त्याच्याविरुद्ध खोटी साक्ष देतो. वकिलीची सनद जाते. एकही गोळी न झाडता माणूस उघड्यावर येतो, आणि हे कोण करतंय हेच त्याला कळत नाही. मग फिस्कला राहवत नाही, तो मर्डॉकचं घर स्फोटात उडवतो, आणि नेमकं त्यावरून मर्डॉक ओळखतो की यामागे कोण आहे.

सामाईक जमिनीच्या सातबाऱ्यावर अचानक परकं नाव चढलेलं पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट परग्रहावरची वाटणार नाही. तलाठ्यापासून प्रांतापर्यंत हेलपाटे घालायचे, आणि समोर भांडायला कोणी माणूसच नाही. माझ्या मते किंगपिन टिकला तो यामुळे. राक्षस खिडकी फोडून येतो. हा नोटीस पाठवतो.

खोटी साक्ष देणाऱ्या त्या अधिकाऱ्याकडे जरा बघा. त्याचा मुलगा आजारी आहे आणि उपचाराचा खर्च त्याला पेलणारा नाही. फिस्क हेच हेरतो. मजकूर लिहिणाऱ्याला हा ‘अडल्यानडल्याला मदत’ वाटेल कदाचित. ‘शून्यातून वर आला’ या वाक्यात असे किती जण पायाखाली गेले, ते धरलेलंच नाही.

बायकोवर प्रेम. आहे, नाकारत नाही, आणि अभिनेता व्हिन्सेंट डोनोफ्रिओने २०१५च्या ‘डेअरडेव्हिल’ मालिकेत ते फार हळुवार उभं केलंय. बोलताना अडखळणारा, अंगावरचं जाकीट सावरणारा तो दांडगा माणूस पाहून जीव खालीवर होतो. पण त्याच मालिकेत व्हनेसासोबतच्या (हीच पुढे त्याची बायको) जेवणात व्यत्यय आणला म्हणून तो एका माणसाचं डोकं मोटारीच्या दारात चेचतो. आणि १९८६च्याच ‘लव्ह अँड वॉर’ या कॉमिकमध्ये (लेखन मिलरचं, चित्रं बिल सिएंकेविचची) आजारी व्हनेसाला बरं करावं म्हणून डॉक्टरच्या बायकोला पळवून आणतो. स्वतःच्या बायकोसाठी दुसऱ्याची बायको ओलीस!

निरपराधाला हात लावत नाही, यावर वेळ घालवण्यासारखं काही नाही. ‘बॉर्न अगेन’च्या शेवटाकडे तो एका डेअरडेव्हिलला बाहेर काढण्यासाठी न्यूक नावाचा गोळ्या खाऊन पिसाळलेला सैनिक न्यूयॉर्कमधल्या हेल्स किचनच्या वस्तीत सोडतो. मरतात ते रस्त्यावरचे लोक. बातमीच्या मागे लागलेल्या बेन युरिक या वार्ताहराची तर बोटं मोडली जातात.

आता ‘कोकणाला असाच एक माणूस पाहिजे’. असली माणसं आणि त्यांची साखळी या किनाऱ्याने पाहिलेली आहे. १९९३च्या सुरुवातीला श्रीवर्धन तालुक्यात शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटकं उतरली. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं मेली. त्या मालाला वाट करून दिल्याबद्दल पुढे विशेष न्यायालयात कस्टमचे आणि पोलिसांतले लोक दोषी ठरले. तेही शून्यातून वर आलेल्या, शब्दाच्या पक्क्या लोकांचेच व्यवहार होते.

राहिलं ‘लोकांच्या मनावर राज्य’. खलनायक आवडणं आणि तो घरी हवासा वाटणं यांतला फरक आपल्याला कोणी शिकवायला नको. जत्रेच्या रात्री दशावतारात देवांपेक्षा संकासुराची वाट जास्त बघितली जाते. देव शुद्ध बोलतात, हा मालवणीत बोलतो, समोर बसलेल्यांची टिंगल करतो, एखाद्याच्या नावानिशी टोमणा मारतो. सकाळी चहाच्या टपरीवर चर्चा काय, तर ‘आज संकासुरान मजा आणल्यान’. म्हणून त्याने चोरलेले वेद त्याच्याकडेच राहू द्या, असं कोणी म्हटलेलं नाही. विष्णूने त्याला मारलं की तेच लोक टाळ्या वाजवतात. पात्र रंगवलं कसं याची ती दाद असते. किंगपिनला मिळते तीही हीच. मिलरची मांडणी, सिएंकेविचने कागदभर पसरवलेला त्याचा देह, डोनोफ्रिओचा दबका आवाज, यांचं श्रेय फिस्कच्या चारित्र्याला देऊन चालणार नाही.

आणि महापौरपद. झाला खरा, कॉमिक्समध्ये २०१७मध्ये, आणि मार्च २०२५मध्ये आलेल्या मालिकेतही. मजकूर निवडणुकीवर थांबतो. पुढचं आमच्याकडच्या लोकांनी जरूर बघावं, कारण तिथे एक बंदर आहे. महापौर फिस्क न्यूयॉर्कमधल्या रेड हूकच्या जुन्या बंदराचं पुनरुज्जीवन करण्याची घोषणा करतो. विकास, रोजगार, सगळं त्यात आलं. खरी गोम अशी की एका जुन्या सनदेमुळे त्या बंदराला शहराचे कायदे लागू होत नाहीत. काळा पैसा तिथून फिरवायचा, आणि विरोधकांना तिथेच पिंजऱ्यात डांबायचं. पोलीस आयुक्त आडवा येतो, तर त्याची कवटी हा महापौर साथीदारांसमोर नुसत्या हातांनी फोडतो. ‘शिस्त लावली’ म्हणतात ती ही.