चेकपुरतेच साहेब? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. निवृत्त उद्योग-अधिकाऱ्यांनी सायन्स कॉलेजांना वेळ द्यावा, या माझ्या लेखावर तुमचा आक्षेप असा: "आयुष्यभर कंपनी चालवलेला माणूस बीएस्सीच्या मुलांना काय शिकवणार? चेक द्यावा, पाटी लावून घ्यावी आणि प्राध्यापकांच्या कामात पडू नये." शिवाय अशाने कोणाची तरी जागा जाईल, ही भीतीही तुम्ही बोलून दाखवलीत.

क्वांटम केमिस्ट्री त्यांनी शिकवू नये, हे मलाही मान्य. पण नुसता चेक घेतला की प्रयोगशाळेचंच नुकसान होतं.

देणगीतून यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र) येतो, उद्घाटन होतं. त्यातल्या अतिनील प्रकाश देणाऱ्या ड्युटेरियम दिव्याचं आयुष्य साधारण १,००० तास. सकाळी लावून रोज सहा तास जळत ठेवला, तर एका शैक्षणिक वर्षातच तो संपतो. तोवर वॉरंटी सरलेली आणि नव्या दिव्याची तरतूद कुठल्याच खात्यात नाही. यंत्रावर कव्हर चढतं ते कायमचं. बेळगावजवळच्या खानापूरकडच्या पावसाळ्यात आतल्या आरशांवर बुरशी धरते, कारण ओल शोषणारं सिलिका जेल निळ्याचं गुलाबी झालं तरी ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून परत ठेवायचं कोणाच्या कामात लिहिलेलं नसतं. पीएच मीटरचा इलेक्ट्रोड ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवायचा. तो डिस्टिल्ड वॉटरमध्ये राहतो आणि खराब होतो. प्राध्यापकांना हे ठाऊक असतं, पण तास, पेपर आणि नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली यांतून सवड कुठली? देखभालीचं वेळापत्रक, सुट्या भागांचा साठा, वार्षिक देखभालीचा (एएमसी) करार ही कामं मात्र कारखान्यातल्या माणसाच्या अंगवळणी पडलेली असतात.

म्हणून दहा लाख द्यायचे असतील तर सातांचं यंत्र घ्यावं आणि तीन लाख ठेवीत टाकावेत. साडेसहा टक्क्यांनी वर्षाला १९,५०० रुपये होतात; ते फक्त दिवे, क्युव्हेट (द्रावण ठेवायच्या छोट्या पारदर्शक नळ्या) आणि दुरुस्ती यांसाठीच, असं देणगीपत्रातच लिहून घ्यावं. सोबत दिव्याच्या तासांची वही.

शिकवण्याबद्दल एक उदाहरण: पोलादात मँगनीज किती, हे मोजण्याचा प्रयोग. बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छेच्या कारखान्यांत मँगनीज असलेल्या पोलादाचा तुटवडा नाही. तेलाचा अंश राहू न देता धुतलेला अर्धा ग्रॅम कीस घ्या. वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडमध्येच, कारण तपकिरी विषारी वाफा निघतात, एकास तीन (एक भाग आम्ल, तीन भाग पाणी) नायट्रिक आम्लात विरघळवा. अमोनियम परसल्फेट घालून दहा-पंधरा मिनिटं उकळा, थंड करून १०० मिलि करा. त्यातले २० मिलि घेऊन ५ मिलि फॉस्फोरिक आम्ल घाला, म्हणजे लोखंडाचा पिवळा रंग आड येत नाही. मग अर्धा ग्रॅम पोटॅशियम परआयोडेट घालून तापवा, जांभळा रंग येतो. ५० मिलि करून ५२५ नॅनोमीटरला मोजा. ०.७ टक्के मँगनीज असेल तर शोषणांक ०.६ च्या आसपास यावा. मोजमाप दृश्य प्रकाशात असल्याने याला ड्युटेरियम दिवा लागत नाही आणि काचेचे क्युव्हेट चालतात. बिडाचा तुकडा घेतला तर ग्रॅफाइट गाळावं लागतं. क्रोमियमयुक्त पोलाद टाळा, त्याचा रंग मिसळतो.

प्रयोग प्राध्यापक घेतील. साहेबांनी एवढंच करायचं: ज्याचं विश्लेषण फाउंड्रीच्या स्पेक्ट्रोमीटरवर झालंय असा नमुना मिळवून द्यायचा आणि आकडा जुळला नाही की विद्यार्थ्यासोबत बसून कारण शोधायचं. कीस तेलकट होता, उकळणं कमी पडलं की तराजूवर पंख्याचा वारा आला? असा शोध कारखान्यात रोज चालतो, कॉलेजात मात्र प्रयोगाच्या जर्नलमध्ये "अपेक्षित" आकडा लिहून विषय संपतो. मला खटकतं ते हेच.

नियमांची आडकाठीही नाही. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ मध्ये प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिसची, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा अनुभव असलेल्यांना शिकवायला नेमण्याची, मार्गदर्शक तत्त्वं काढली. किमान १५ वर्षांचा, शक्यतो वरिष्ठ पदावरचा अनुभव हवा, पीएचडीची अट नाही, आणि मानद नेमणूकही होते. मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंतच या नेमणुका करता येतात आणि त्या मंजूर पदांखेरीज असतात, त्यामुळे कोणाची जागा जाण्याची तुमची भीती इथे लागू होत नाही.

आणखी एक काम त्यांच्याकडे सोपवावं. निपाणी-खानापूरकडची मुलं मराठी किंवा कन्नड माध्यमातून येतात आणि पहिल्याच सेमिस्टरला इंग्रजी मॅन्युअलपुढे गप्प होतात. प्रत्येक यंत्रावर चालू-बंद करण्याच्या पायऱ्या मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून चिकटवाव्यात. शॉप फ्लोअरवर कामगारांसाठी अशा सूचना लावून घेतलेल्या माणसाला त्या नेमक्या कशा लिहायच्या, हे सांगावं लागणार नाही.