सेरेंगेटीतल्या गाडीबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

टांझानियाच्या सहलीबद्दल आपण लिहिलेला अभिप्राय वाचला. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात गाडी बंद पडून दोन तास बसून राहावं लागलं, ड्रायव्हरने कुणाला खाली उतरू दिलं नाही, एसी नव्हता, आणि इतके पैसे घेऊन आम्ही ‘कुठल्यातरी लोकल माणसाची’ गाडी दिली, असं आपण म्हटलंय.

एसीची चूक सर्वस्वी माझी. छप्पर वर उचलून, उभं राहून प्राणी बघायच्या गाडीत एसीचा काही उपयोग नसतो. पण हे मी आपल्याला पुण्यात बुकिंगच्या वेळीच सांगायला हवं होतं.

उद्यानाच्या नाबी हिल गेटच्या पुढे गाडीचा मागचा पाटा, म्हणजे स्प्रिंगची पट्टी, तुटला. तो रस्ता खडीचा, पन्हाळी पत्र्यासारखा. लँड क्रूझरसुद्धा तिथे खिळखिळी होते, म्हणून तर निघण्याआधी पाटे बघायचे असतात. त्या दिवशी ते बघितले गेले नाहीत, हे गाडीच्या मालकांनी मला फोनवर स्वतःहून सांगितलं. खाली उतरू न देणं मात्र योग्यच होतं. ठरवून दिलेल्या जागा सोडून त्या उद्यानात गाडीबाहेर पाय ठेवायला मनाई आहे. गवतात बसलेला सिंह दहा पावलांवरूनही दिसत नाही.

आता त्या ‘लोकल माणसा’बद्दल. हा शब्द मला लागला. टांझानियातल्या अरुशा शहरात हे गाडीमालक डालाडालावर, म्हणजे तिथल्या वडापवर, दाराला लटकून भाडं गोळा करायचे. मग ट्रकवर क्लीनर झाले, पुढे सफारीचे ड्रायव्हर. बारा वर्षं दुसऱ्याच्या गाड्या चालवून साठवलेल्या पैशांतून एक जुनी लँड क्रूझर घेतली आणि अरुशातल्याच गॅरेजमध्ये तिची चासी लांबवून, उघडं छप्पर बसवून घेतलं. स्वाहिलीतही गाडीला ‘गारी’च म्हणतात, शब्द आपल्याकडूनच तिकडे गेलेला. त्या पहिल्या गारीत माझा पहिला ग्रुप बसला होता. आज त्यांच्याकडे नऊ गाड्या आहेत.

2020 च्या एप्रिलमध्ये टांझानियाने आंतरराष्ट्रीय विमानं थांबवली, तेव्हा आमच्या तीन ग्रुपचा अ‍ॅडव्हान्स त्यांच्याकडे अडकला होता. जगभर तेव्हा लोक पुढच्या तारखांची कुपनं देत होते. यांनी एक गाडी विकली आणि सगळे पैसे परत पाठवले. मी मागितले नव्हते, खरं तर मागायचा धीरच होत नव्हता. त्या पैशांतून आमच्या चौतीस प्रवाशांना परतावा मिळाला, त्यातले बरेचसे निवृत्त शिक्षक होते. ओळखीची भारतीय कंपनी का नाही घेतली, असं आपण विचारलंत. मॅडम, माझी तिथली सगळ्यात जुनी ओळख हीच.

म्हणून त्यांची चूक झाकायची असं नाही. आपली एक सफारी फेरी बुडाली. तिचे पैसे, गाडीभाडं आणि उद्यानाच्या शुल्काचा वाटा धरून, या शुक्रवारपर्यंत आपल्या खात्यात जमा होतील. गाडीभाड्याचा भार मालकांनी स्वतःवर घेतलाय. यापुढे आमचा ग्रुप अरुशाहून निघण्याआधी पाटे, टायर आणि सॅटेलाइट फोन तपासल्याची सही मला आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर येईल. ती आली नाही तर गाडी निघणार नाही.

त्या गाडीत आपल्याबरोबर आपल्या सासूबाईही होत्या. दोन तास उकाड्यात त्यांचे जे हाल झाले, त्याबद्दल त्यांची मनापासून माफी मागतो. त्यांना चालणार असेल तर रविवारी घरी येऊन भेटतो.