जोतीराव नास्तिक होते म्हणे!

माझी मावशी दर आषाढीला गोव्यातल्या साखळीहून पायी पंढरपूरला जाते. परवा चष्मा सापडेना म्हणून फोन हातभर लांब धरून तिने मला एक मेसेज वाचून दाखवला आणि विचारलं, "म्हणजे आम्ही चालतो ते फुकटच म्हण की!" मेसेज तिच्याच पुतण्याने घरच्या ग्रुपवर टाकलेला. मजकूर थोडक्यात असा: समाज सुधारला तो नास्तिकांनी. फुले नास्तिक होते. आंबेडकरांनी धर्म सोडला. सती इंग्रजांनी बंद केली, गुलामगिरी विज्ञानाने संपवली. श्रद्धाळू लोक नुसते टाळ कुटत बसले, आणि गोव्याला तर धर्माने इन्क्विझिशनशिवाय (म्हणजे पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या धर्मन्यायालयाशिवाय) काही दिलं नाही. शेवटी, 'शक्य तितक्या लोकांना पाठवा'. त्या शक्य तितक्यांत मावशी सापडली, म्हणून हे लिहितोय.

आधी फुले, कारण ही थाप सगळ्यांत मोठी आहे. लिहिणाऱ्याने जोतीरावांचं एक पान उघडलं असतं तरी पुरे होतं. १८८८ मध्ये पक्षाघाताने उजवा हात गेला. तेव्हा हा माणूस डाव्या हाताने एक पुस्तक लिहायला बसला. ते १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर छापून आलं. नाव काय? 'सार्वजनिक सत्यधर्म'. नास्तिक माणूस आयुष्याच्या शेवटी, तोही डाव्या हाताने, धर्माचं पुस्तक लिहील कशाला? फुल्यांचा देव होता. त्याला ते 'निर्मिक' म्हणत. भटजी, मूर्ती, अवतार यांवर त्यांनी आसूड ओढला तो याच मुद्द्यावर, की निर्मिकाने सगळ्यांना सारखं निर्माण केलं असताना मधले दलाल हवेत कशाला? त्याच पुस्तकात एका घराचं चित्र आहे. बायको बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध झाली, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान, मुलगा सत्यधर्मी. आणि सगळ्यांनी एका घरात प्रेमाने राहावं. आमच्या गोव्यात आजही असं घर निघालं तर वाड्यावर महिनाभर दुसरा विषय निघणार नाही. नास्तिकपणाचं श्रेय द्यायचंच तर आगरकरांना द्या, र. धों. कर्व्यांना द्या. ते तसे होते, आणि मोठे होते. फुल्यांना का ओढता?

आंबेडकरांनी धर्म सोडला म्हणे. हिंदू म्हणून मरणार नाही, असं येवल्याला १९३५ मध्ये सांगितलं आणि नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षं काय चाललं होतं? नास्तिक व्हायला एकवीस वर्षं लागत नाहीत. बुद्धाच्याच ओढीने त्यांच्याही आधी आमच्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी घर सोडून गेले, सिलोनला जाऊन भिक्षू झाले, पुढे मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले आणि परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार काढला. गोव्याचं नाव घेऊन मेसेज लिहिणाऱ्याला हा गोवेकर ठाऊक नसावा.

सती आणि गुलामगिरी झटपट. १८२९ चा सतीबंदीचा कायदा गव्हर्नर जनरल बेंटिंकने केला, खरंच. पण त्याआधी राममोहन रॉय शास्त्रांतलेच दाखले काढून शास्त्र्यांशी वर्षानुवर्षं भांडले होते. लंडनमध्ये १७८७ साली गुलामांच्या व्यापाराविरुद्ध समिती निघाली, तिच्या बारा सभासदांपैकी नऊ क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते. प्रयोगशाळेतून कोणी आलं नव्हतं. (गुलाम बाळगणारेही बायबलच उघडून दाखवत, तेही खरं.)

आता टाळ. मे १९४७ मध्ये साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, विठ्ठलाचं दार हरिजनांना उघडावं म्हणून. त्या माणसाला श्रद्धाहीन म्हणायची कोणाची छाती आहे? दार उघडलं. पण इथे मलाही थोडं गिळावं लागतं. चोखोबा गेले १३३८ मध्ये. त्यांच्या समाधीला महाद्वारात नमस्कार करून सहाशे वर्षं वारकरी आत जात राहिले, आणि चोखोबांच्या जातीची माणसं बाहेरच. गुरुजींना अडवणारेही विठ्ठलाचेच पुजारी. संतांनी देवापुढे सगळे समान सांगितलं, माणसामाणसांतल्या समतेसाठी ते लढले नाहीत, हे आंबेडकरांचं म्हणणं मला खोडता येत नाही.

गोव्याचंही तेच. इन्क्विझिशन १५६० ते १८१२, मधली चार वर्षं सोडली तर सलग. नाकारणार कोण? आणि फक्त पाद्रींकडे बोट कशाला? आमच्या देवळांत देवाच्या नावावरच कलावंतांच्या, म्हणजे देवळात नाचगाण्याची सेवा करणाऱ्या समाजाच्या, मुलींचं शेंस व्हायचं, म्हणजे मुलगी देवाला वाहण्याचा विधी. ते मोडलं ते त्याच समाजातल्या माणसांनी, शिक्षणाच्या आणि स्वाभिमानाच्या जोरावर. तिथे देवळांनी काही केलं असं मी म्हणणार नाही. देवळांची महाजनकी, म्हणजे कारभाराचा हक्क, तर अजून घराण्याघराण्यांतच फिरते.

एवढं सगळं मावशीला सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं, पुतण्याला उत्तर म्हणून फुल्यांचा भाग मोठ्या अक्षरांत लिहून मागितला, आणि म्हणाली, "निर्मिक म्हणजे आपला विठ्ठलच की."

जोतीरावांना हे मुळीच पटलं नसतं. तिला अजून सांगितलेलं नाही.