मॉनिटर धूसर दिसतोय? आधी केबल बदलू नका

गेल्या काही महिन्यांत एकच मेसेज मला चार वेगवेगळ्या ग्रुपवर आला. थोडक्यात तो असा: लॅपटॉपला जोडलेल्या मॉनिटरवर अक्षरं धूसर दिसत असतील, तर दोष स्वस्त एचडीएमआय केबलचा असतो. सोन्याचा मुलामा दिलेली भारी केबल घ्या. फरक पडला नाही तर रिझोल्यूशन (पडद्यावरच्या ठिपक्यांची संख्या) एक पायरी खाली आणा, मॉनिटरचा शार्पनेस पूर्ण वाढवा. एवढं करूनही भागलं नाही, तर लॅपटॉपचं ग्राफिक्स कमजोर आहे, लॅपटॉपच बदला.

माझी वहिनी घरून मुद्रितशोधनाचं काम करते. हा मेसेज वाचून तिने १,८०० रुपयांची केबल आणली. चित्र होतं तसंच राहिलं. पाकीट फोडलेलं म्हणून दुकानदाराने ती परत घेतली नाही. मी गेलो तेव्हा तिने मॉनिटरवरचं एक पान दाखवलं. ‘घ’ आणि ‘ध’ तिथे वेगळे ओळखू येत नव्हते. ‘ध’च्या डोक्यावर शिरोरेघ जिथे तुटते ती फट करड्या रंगाने भरून गेली होती. ‘भ’ आणि ‘म’ची तीच गत. वेलांटीवरचा अनुस्वार तर वेलांटीतच विरघळला होता. ज्या बाईचं पोट अनुस्वार शोधण्यावर चालतं, तिच्यासाठी ही किरकोळ अडचण नाही. म्हणून या मेसेजमधला एकेक मुद्दा नीट तपासायला हवा.

पहिला दावा केबलचा. एचडीएमआय केबलमधून चित्र जात नाही, आकडे जातात. कोणता ठिपका किती लाल, किती हिरवा, किती निळा, याचे आकडे. केबल खराब असेल तर काही आकडे चुकतात आणि पडद्यावर चमकणारे ठिपके किंवा आडव्या रेघा दिसतात, पडदा क्षणभर काळा होतो, नाहीतर ‘नो सिग्नल’ येतं. पण सगळ्या अक्षरांच्या कडा सारख्याच मऊ करणं कोणत्याही खराब केबलला जमत नाही. सोन्याच्या मुलाम्याचा उपयोग एवढाच की टोकांना गंज चढत नाही.

मात्र दोन ठिकाणी या दाव्यात तथ्य आहे. एक, व्हीजीए. निळ्या रंगाचं, १५ पिनांचं ते जुनं जोडणं. आयबीएमने १९८७ साली आणलेली ही पद्धत अ‍ॅनालॉग आहे. म्हणजे आकडे जात नाहीत, कमीजास्त होणारा विजेचा दाबच चित्र वाहून नेतो. तिथे लांब आणि हलक्या केबलने चित्र खरोखरच पसरतं, अक्षरांमागे सावली दिसते. जुन्या मॉनिटरला एचडीएमआय-ते-व्हीजीए कन्व्हर्टर लावून काम चालवत असाल तर तुम्हीही याच गटात. मॉनिटरवरचं ‘ऑटो’ बटण दाबून पाहा, बऱ्याचदा तेवढ्याने सुधारतं. दुसरं ठिकाण म्हणजे क्षमता. एचडीएमआय १.४ वर ३८४०×२१६० हे रिझोल्यूशन सेकंदाला ३० वेळाच जातं, ६० वेळा हवं तर २.० लागतं. जुनं पोर्ट किंवा साधा टाइप-सी हब (लॅपटॉपच्या एका पोर्टला अनेक जोडण्या देणारी डबी) मध्ये आला, तर लॅपटॉप कधीकधी कमी रिझोल्यूशनवर उतरतो आणि मग धूसर दिसतं. तिथेही बघायची ती केबल आणि हब कोणत्या आवृत्तीचे आहेत ते. किमतीशी आणि मुलाम्याशी त्याचा संबंध नाही.

मग धूसरपणा येतो कुठून? जिथे ठिपक्यांची मोजणी नव्याने होते, तिथून. एलसीडी पडद्यावरचे ठिपके ठरलेले असतात. वहिनीच्या मॉनिटरवर १९२०×१०८०, लॅपटॉपवर १३६६×७६८. विंडोज ‘डुप्लिकेट’वर होतं, म्हणजे दोन्ही पडद्यांवर एकच चित्र, आणि ते लॅपटॉपच्या मापाचं. मॉनिटर प्रत्येक ठिपका सुमारे १.४ पट ताणत होता. आता १.४ ठिपके काही रंगवता येत नाहीत. एक पूर्ण काळा होतो, शेजारचा अर्धवट करडा. एका ठिपक्याच्या जाडीची शिरोरेघ अशी कुठे बारीक, कुठे जाड, आणि सगळीकडे धुरकट होते. मी विंडोज आणि पी ही बटणं एकदम दाबली, ‘एक्स्टेंड’ (दोन्ही पडदे वेगवेगळे) निवडलं, डिस्प्ले सेटिंग्जमध्ये बाहेरच्या मॉनिटरसाठी ‘रेकमेंडेड’ लिहिलेलं रिझोल्यूशन दिलं. ‘ध’ची फट मोकळी झाली. जुनी केबल परत लावून पाहिली, काडीचाही फरक नव्हता.

हे कळल्यावर दुसऱ्या दाव्यातला धोका लगेच दिसतो. रिझोल्यूशन एक पायरी खाली आणा, म्हणजे नेमकं तेच करा ज्याने चित्र बिघडतं! अक्षरं मोठी दिसतात म्हणून क्षणभर बरं वाटतं, पण ती ताणलेली असतात. मोठी अक्षरं हवी असतील तर रिझोल्यूशनला हात न लावता ‘स्केल’ १२५ किंवा १५० टक्के करा. तिथे अक्षर नव्याने रेखलं जातं, ताणलं जात नाही.

स्केलची स्वतःची एक खोड मात्र आहे, आणि ती लपवून ठेवणं बरोबर नाही. विंडोज ८.१ पासून प्रत्येक पडद्याला वेगळं स्केल देता येतं. लॅपटॉप १५० वर आणि मॉनिटर १०० वर असेल, तर नवे प्रोग्रॅम एका पडद्यावरून दुसऱ्यावर नेताना स्वतःला नव्याने आखून घेतात. जुन्यांना ते येत नाही. विंडोज मग त्यांचं तयार चित्रच आवळतं किंवा ताणतं. ओळखायची खूण सोपी: ब्राउझर लख्ख आणि एकच जुना प्रोग्रॅम धूसर. त्या प्रोग्रॅमच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘कम्पॅटिबिलिटी’ उघडा, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’मध्ये जाऊन स्केलिंग ‘अ‍ॅप्लिकेशन’कडे सोपवा. स्केल बदलल्यावर एकदा साइन आउट करून परत या. बरेच प्रोग्रॅम त्याशिवाय नवं माप घेत नाहीत.

शार्पनेस पूर्ण वाढवा, हा तिसरा सल्ला. शार्पनेस हरवलेला तपशील परत आणत नाही, कडेच्या दोन्ही बाजूंना उजळ-काळी किनार काढतो. तासभर वाचलं की डोळे दुखायला लागतात. आधीच वाढवून ठेवला असेल तर मॉनिटरच्या मेनूतून रीसेट करा.

टीव्हीला मॉनिटर म्हणून वापरणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि त्यांच्याबद्दल हा मेसेज एक शब्द बोलत नाही. बरेच टीव्ही ओव्हरस्कॅन करतात, म्हणजे चित्र जरा मोठं करून कडा कापतात. टास्कबारचा तळ दिसत नसेल तर हेच चाललंय. टीव्हीच्या मेनूत ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘जस्ट स्कॅन’सारखा पर्याय शोधा. दुसरी गोष्ट रंगाची. काळ्यावरची लाल अक्षरं फिसकटलेली आणि पांढऱ्यावरची काळी ठीक, असं दिसत असेल, तर रंगाची माहिती ४:२:० किंवा ४:२:२ अशी कमी करून पाठवली जातेय. सिनेमाला ते चालतं, मजकुराला नाही. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये आरजीबी किंवा ४:४:४ निवडा आणि टीव्हीवर त्या इनपुटला ‘पीसी’ असं नाव द्या. कित्येक टीव्हींवर हे नाव देताच चित्राची छेडछाड थांबते.

कमजोर ग्राफिक्सचा दावा दोन वाक्यांत संपतो. कमजोर ग्राफिक्सने खेळ अडखळतो, व्हिडिओ अडकतो, पण स्थिर असलेलं अक्षर धूसर होत नाही. वहिनीच्या लॅपटॉपचं जुनं, प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स १९२०×१०८० सहज पाठवत होतं.

आणखी एक तक्रार मला वारंवार ऐकू येते: दोन्हीकडे फुल एचडी (१९२०×१०८०) आहे, तरी लॅपटॉपपेक्षा मॉनिटर पुसट का? कारण तेवढेच ठिपके मोठ्या जागेत पसरलेत. १४ इंची फुल एचडी पडद्यावर एका इंचात साधारण १५७ ठिपके बसतात, २४ इंचीवर ९२, २७ इंचीवर ८२. हा बिघाड नाही. मॉनिटर हातभर लांब ठेवा. अजून खरेदी व्हायची असेल तर २७ इंचासाठी २५६०×१४४० घ्या. मॅकवाल्यांना हे जास्त जाणवतं, कारण २०१८ च्या मोहावे या मॅकच्या प्रणालीपासून साध्या पडद्यांवर अक्षरं तुकतुकीत दिसावीत म्हणून असलेली सबपिक्सेल (ठिपक्याचे लाल, हिरवे, निळे भाग वेगवेगळे वापरायची) पद्धत अ‍ॅपलने मूळ सेटिंगमध्येच बंद ठेवली.

आता तुमच्या टेबलावर नेमकं काय झालंय ते कसं शोधायचं? स्क्रीनशॉट घ्या, फोनवर पाठवा आणि तिथे मोठा करून बघा. स्क्रीनशॉटच धूसर असेल तर गडबड लॅपटॉपच्या आत आहे: स्केल किंवा एखादा जुना प्रोग्रॅम. स्क्रीनशॉट स्वच्छ आणि पडदा धूसर असेल तर गडबड लॅपटॉपच्या पुढे आहे. मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’ उघडून मॉनिटरकडे प्रत्यक्षात किती रिझोल्यूशन जातंय ते वाचा आणि मॉनिटरच्या खोक्यावरच्या आकड्याशी ताडून पाहा. वहिनीचा स्क्रीनशॉट माझ्या फोनवर लख्ख होता. खोक्यावर १९२०×१०८० छापलेलं होतं आणि पडद्यावर १३६६×७६८ लिहून येत होतं.