दिवा विझला म्हणजे वाल्व्ह बंद झाला असं नाही

ऑटोमेशन आलं की माणसाच्या चुका संपतात, असं एका लेखात वाचलं, ते मला पटलं नाही. १९७९ मध्ये अमेरिकेत थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाब सोडणारा वाल्व्ह उघडाच अडकला, पण पॅनलवरचा दिवा विझला. तो दिवा वाल्व्हची खरी स्थिती दाखवतच नव्हता. बंद व्हायचा सिग्नल गेला, एवढंच कळत होतं. यात ऑपरेटरने करायचं काय?

मी लातूरकडे साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला, म्हणजे मोजमापाच्या उपकरणांच्या कामाला आहे. ओला बगॅस (बॉयलरमध्ये जाळायचा उसाचा चोथा) आला की बॉयलरचं प्रेशर पडतं, स्क्रीनवर अलार्मची रांग लागते आणि स्क्रीनसमोरचं पोरगं न वाचताच, ‘बघितले’ असं बटण दाबून, सगळे अ‍ॅकनॉलेज करून टाकतं. बॉयलरच्या ड्रममधलं पाणी गेज ग्लासवर (पातळी दाखवणाऱ्या काचेवर) डोळ्यांनी बघणारा जुना अटेंडंट तेव्हा फार मोलाचा असतो. सिस्टीम बनवणाऱ्यांनी गाळपाच्या हंगामात एक रात्रपाळी त्याच्याजवळ बसावं, मग ठरवावं कोणता अलार्म ठेवायचा.