‘चालत-बोलत होता’ म्हणजे वाचला?

मामींनी काल घरच्या ग्रुपवर ‘डोक्याच्या माराचं सत्य’ नावाचा तो फिरता मेसेज टाकला आणि खाली लिहिलं, “आमचा दुपारी गाडीवरून पडला, पण बोलतोय, जेवलाही. मग स्कॅन कशाला?” आधी फोन करून त्यांना दवाखान्यात पिटाळलं, मग हे लिहायला बसले.

मेसेज म्हणतो, पडलेला माणूस उठून चालला-बोलला तर मार मेंदूपर्यंत गेलाच नाही. नंतर दगावला तर कारण दुसरंच, आणि अहवालात ‘डोक्याला मार’ लिहिणारा डॉक्टर मॅनेज झालेला.

कानशिलाजवळ कवटीचं हाड पातळ असतं आणि त्याला आतून चिकटून एक धमनी जाते. हाड तडकलं की बऱ्याचदा तीही फाटते. रक्त हाड आणि मेंदूचं आवरण यांच्या मध्ये साठत जातं. जागा पुरते तोवर माणूस गप्पाही मारतो. मग मेंदू दाबला जातो आणि काही तासांत खेळ आटोपू शकतो. अभिनेत्री नताशा रिचर्डसन मार्च २००९मध्ये कॅनडातल्या क्वेबेकात स्कीइंग शिकताना पडली. हसतखेळत उठली, आलेली रुग्णवाहिका परत गेली. दोन दिवसांनी न्यूयॉर्कच्या इस्पितळात ती गेली. तिथल्या मेडिकल एक्झामिनरने, म्हणजे मृत्यूचं कारण ठरवणाऱ्या सरकारी डॉक्टरने, कारण दिलं ते हेच: डोक्यावर बोथट आघात आणि त्यातून आवरणाबाहेर साठलेलं रक्त. तिथे कोणी कोणाला मॅनेज केलं होतं?

मेसेजचा पुढचा दावा: ‘बाहेर जखम नाही, म्हणजे मारच नाही.’ मग शवविच्छेदनात एका कानामागून दुसऱ्या कानामागे चीर देऊन टाळूची कातडी उलटवतात कशाला? वरून स्वच्छ दिसणाऱ्या डोक्याच्या कातडीखाली साकळलेलं रक्त तेव्हाच दिसतं. ती चीर केसांत झाकली जाते, त्यामुळे ‘मृतदेह डोकं फोडून देतात’ या ओरड्याला उत्तर देत बसत नाही.

‘डोळे काळेनिळे म्हणजे ठोसेच.’ नाही. कवटीचा तळ पुढच्या बाजूला तडकला तरी रक्त पापण्यांत उतरतं.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य: टाळूला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे लहानशी खोकही भळभळते आणि घाबरवते. पण त्यापुढे मेसेज लिहितो, ‘रक्त बाहेर गेलं, आता आत साठणार नाही.’ अहो, आतली धमनी टाळूच्या खोकेतून रिकामी होत नसते.