पुरवणी म्हणजे वाढीव गुण नव्हेत : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील विद्यापीठांच्या प्रवेश अर्जासोबत आपल्या कलेचे नमुने पाठवण्याविषयी मी जे लिहिले होते, त्यावरची आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. आपला रोख मुख्यतः माझ्या एका वाक्यावर आहे : नमुना खरोखर वरच्या दर्जाचा नसेल, तर तो न पाठवलेलाच बरा. आपल्या मते हा सल्ला मुलांना नाउमेद करणारा आहे आणि ऐच्छिक भाग भरल्याने फायदा झाला नाही, तरी तोटा होण्याचे काही कारण नाही. आपली कन्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद असताना तिने आपले गायन का पाठवू नये, असा आपला प्रश्न आहे. तिकडचे प्राध्यापक ख्याल ऐकून काय समजणार आणि मुळात हा सगळा प्रकार पैसेवाल्यांच्या सोयीचा नाही का, असेही आपण विचारले आहे.

तोटा होत नाही, या समजाचे मूळ आपल्या दहावीच्या पद्धतीत असावे, असे मला वाटते. इंटरमीजिएट ड्रॉइंगची श्रेणी किंवा शास्त्रीय संगीताच्या परीक्षेचे प्रमाणपत्र शाळेमार्फत सादर केले की ठरलेले वाढीव गुण पदरात पडतात. श्रेणी खालची असली तर गुण कमी मिळतात, पण असलेले कापले जात नाहीत. अमेरिकेतील निवडक विद्यापीठांत कलापुरवणीला, म्हणजे अर्जासोबत ऐच्छिक म्हणून पाठवलेल्या कलेच्या नमुन्यांना, असा गुणतक्ताच नसतो. बहुतेक ठिकाणी ध्वनिमुद्रण किंवा चित्रे स्लाइडरूमसारख्या संकेतस्थळावरून स्वीकारली जातात आणि त्यांतली निवडक त्या त्या विभागातील प्राध्यापकांकडे जातात. त्यांचे थोडक्यात मत अर्जाच्या कागदपत्रांत परत येते आणि प्रवेश समिती बाकीच्या अर्जासोबत ते वाचते. मुलांनी पाठवलेली गाणी ऐकण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने ‘चांगली तयारी, पण विशेष काही नाही’ एवढेच लिहिले, तर अर्जाच्या दुसऱ्या कोपऱ्यात ‘संगीत हेच माझे सर्वस्व’ असे लिहिणाऱ्या निबंधाचे वजन त्या शेऱ्याने घटते. येल विद्यापीठ तर आपल्या सूचनांत स्पष्टच सांगते की प्रवेश मिळालेल्या बहुतेकांनी असे काही पाठवलेले नसते आणि काही वेळा पुरवणी अर्जदाराच्या विरोधातही जाऊ शकते. तेव्हा नाउमेद करण्याचा ठपका एकट्या माझ्यावर ठेवू नये, ही विनंती.

आता विशारदविषयी. ही पदवी लहान नाही आणि बारावीच्या वयात ती मिळवणे कष्टाचे आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु ती सांगण्याची जागा मूळ अर्जातच आहे. कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे अनेक विद्यापीठांसाठी असलेल्या सामाईक ऑनलाइन अर्जात, दहा उपक्रम लिहिता येतात, प्रत्येकाच्या वर्णनाला 150 अक्षरांची मर्यादा असते आणि सन्मानांसाठी वेगळे पाच रकाने असतात. परीक्षेचे नाव, ती किती वर्षांच्या अभ्यासानंतर देता येते आणि कन्या आठवड्याला किती तास रियाज करते, हे सारे तिथे नीट बसते. ध्वनिमुद्रणाने सांगायचे ते याहून वेगळे असले पाहिजे, कारण परीक्षा उत्तीर्ण झाल्याने गळा कळत नाही. परीक्षकांसमोर ठरलेले राग म्हणून दाखवणे वेगळे आणि एकाच रागात चार मिनिटे ऐकणाऱ्याला धरून ठेवणे वेगळे, हे आपल्याला मी सांगायला नको.

तिकडे ऐकणारे कोण, हा आपल्या प्रतिक्रियेतला मला सर्वांत मोलाचा वाटलेला मुद्दा आहे. अमेरिकेतील एम.आय.टी.मध्ये (मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) सरोदवादक अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य जॉर्ज रकर्ट यांनी अनेक वर्षे हिंदुस्थानी संगीत शिकवले. कनेटिकटमधील वेस्लियन विद्यापीठात टी. रंगनाथन आणि टी. विश्वनाथन या बंधूंनी कर्नाटक संगीताची परंपराच उभी केली. पण अशी ठिकाणे थोडी आहेत आणि आपल्या कन्येचे गाणे बहुधा पाश्चात्त्य संगीतात वाढलेल्या एखाद्या गायकाच्या किंवा रचनाकाराच्या कानावर पडेल. त्याला मारवा आणि पूरिया या जवळच्या रागांतला फरक कळणार नाही. स्वर जागेवर लागतो की नाही, श्वास कुठे घेतला, तालाशी खेळताना आत्मविश्वास आहे की घाबरगुंडी, हे मात्र त्याला पुरेपूर कळते.

म्हणूनच नमुना निवडताना त्याच्या कानाचा विचार करावा. विलंबित एकतालातला बडा ख्याल पाठवला, तर विद्यापीठाने दिलेली मोजकी मिनिटे पहिल्या काही आवर्तनांतच संपतात आणि राग उलगडण्याच्या आत मुद्रण तोडावे लागते. त्यापेक्षा मिनिटभर आलाप आणि लगेच मध्यलय तीनतालातली बंदिश घ्यावी. तिच्यात दोन-तीन बोल-ताना (बंदिशीच्या शब्दांवर घेतलेल्या) आणि दोन-तीन ‘आ’काराच्या ताना याव्यात आणि समेवर येणे अगदी स्वच्छ असावे. दुसरा नमुना पाठवायचा असेल, तर तो वेगळ्या स्वभावाचा निवडावा, उदाहरणार्थ नाट्यपद किंवा अभंग. पुन्हा तशीच द्रुत बंदिश नको. सोबत दोन-तीन ओळींत रागाचे नाव, तालाच्या मात्रा, कोणता भाग आधीपासून बांधलेला आहे आणि कोणता जागच्या जागी सुचलेला आहे, हे लिहावे. शेवटची माहिती बहुतेक मुले देतच नाहीत. आलाप आणि ताना तिथल्या तिथे रचल्या जातात, हे ज्याला ठाऊक नाही, तो ते सगळे पाठ केलेले गाणे समजून ऐकतो आणि आपल्या संगीताची मोठी बाजू त्याच्या नजरेतून निसटते.

मुद्रणात तानपुरा गळ्यावर चढू देऊ नये, प्रतिध्वनीचा मुलामा लावू नये, आणि सलग एकाच वेळी गायलेले पाठवावे; तुकडे जोडलेले कानाला कळतात. इथेच पैशांचा मुद्दाही येतो. पंखा बंद केलेल्या खोलीत, तबल्याच्या साथीने, मोबाइल तिवईवर ठेवून केलेले मुद्रण पुरेसे होते आणि स्टुडिओची गरज नाही असे अनेक विद्यापीठे स्वतःहून सांगतात. तरीही आपला आक्षेप बिनबुडाचा नाही. विषमता मुद्रणाच्या दिवशी नव्हे, तर त्याच्या दहा वर्षे आधी सुरू होते. गुरूंकडे जाणे, वाद्य घेणे, रियाजाला वेळ आणि घरात निवांत कोपरा मिळणे, हे सगळ्यांना साधत नाही. माझ्या मते, मुलांना सरसकट ‘पाठवा, पाठवा’ म्हणण्याने ही विषमता कमी होत नाही, उलट कलेची पुरवणी हवीच असा धाक बसतो आणि पालक क्लासवाल्यांच्या दारात उभे राहतात. ज्याच्याकडे पुरवणी नाही, त्याचे काही अडत नाही, हे सांगणे मला अधिक न्यायाचे वाटते.

शिवाय सर्वत्र ही सोय असते असेही नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शाखा सर्वसाधारण अर्जासोबत असे नमुने घेत नाहीत. कला किंवा संगीताच्या अभ्यासक्रमासाठी मात्र तिथे स्वतंत्र नमुने किंवा गायन-वादनाची परीक्षा मागतात. ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनसारख्या कलाशाळेत तर 12 ते 20 कामांचा संग्रह हाच अर्जाचा गाभा असतो. माझे ते वाक्य या दुसऱ्या प्रकाराविषयी नव्हतेच. आपल्या कन्येला अभियांत्रिकी शिकायची आहे, म्हणजे तिच्यासाठी गाणे खरोखरच ऐच्छिक आहे.

तिच्या गुरुजींचे पत्र जोडावे का, असे आपण शेवटी विचारले आहे. जरूर जोडावे, आणि ध्वनिमुद्रण पाठवायचे नाही असे ठरले तरीही जोडावे. ज्या विद्यापीठांना इतर शिफारसपत्रे चालतात, त्यांच्यासाठी कॉमन अ‍ॅपमध्ये कलाशिक्षकाला शिफारसकर्ता म्हणून निमंत्रण देता येते. गुरुजींचा ईमेल पत्ता मात्र लागेल. त्यांना मराठीत लिहू द्यावे, भाषांतर शाळेतील एखाद्या शिक्षकांकडून करून घ्यावे आणि मूळ पत्रही सोबत द्यावे. भाषांतर आपण स्वतः करू नये. ‘खूप गुणी मुलगी आहे’ या धर्तीच्या वाक्यांऐवजी, एखादी अवघड जागा तिला बसत नव्हती तेव्हा तिने काय केले, असे काही त्यांनी लिहिले तर समितीला त्याचा उपयोग होईल.